पिवळी मारबत हिरवी का झाली?

नागपुरात तान्ह्या पोळ्याची मिरवणूक पाहून आल्यावर भाचीने वहीत पेन्सिलीने पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पिवळा पुतळा, काढली, काळ्या पेनाने गिरवली आणि फोटो काढून मोबाइलवर रंगवायला बसली. आठवीतली पोर, स्टायलस वगैरे काही नाही, बोटानेच रंगवते. साडीला झकास पिवळा भरला. मग घड्या दाखवायला नवी लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा पारदर्शक थर, घेतली, काळ्याची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, अर्ध्यावर आणली आणि ब्रश फिरवला. दोन मिनिटांत हाक आली, "मामा, पिवळा हिरवा काऊन होऊन राह्यला?"

मी सगळी कामं टाकून तिच्याशेजारी बसलो. असे प्रश्न रोज येत नाहीत.

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारके दिवे. प्रत्येकाची पातळी 0 ते 255. तिचा पिवळा होता लाल 255, हिरवा 220, निळा 0. म्हणजे पिवळ्याच्या पोटात हिरवा आधीपासूनच बसलेला. अर्धा काळा चढवल्यावर आकडे झाले 128, 110, 0. प्रमाण तेच राहिलं, हिरवा तसूभरही वाढला नाही. तरी दिसतं शेवाळी, कारण आपली नजर एकेक ठिपका सुटा वाचत नाही, शेजारच्या उजेडाशी ताडून पाहते. आजूबाजूपेक्षा अंधारलेल्या नारिंगीला आपण तपकिरी म्हणतो आणि अंधारलेल्या पिवळ्याला शेवाळी.

शेडिंग म्हणजे रंगात काळा मिसळणं, हे आपल्याला चित्रकलेच्या तासापासून चिकटलेलं आहे. निसर्गात सावली अशी तयार होत नाही. तिथे गुणाकार चालतो, आणि हा गुणाकार मला फार आवडतो.

पिवळं कापड आलेला लाल प्रकाश जवळजवळ सगळा परत पाठवतं, हिरवा बराचसा पाठवतं आणि निळा गिळतं. आलेला उजेड गुणिले परत पाठवलेला हिस्सा, तिन्ही रंगांचा हिशेब वेगवेगळा. चित्रकलेच्या ॲपमध्ये लेयरचा 'मल्टिप्लाय' नावाचा मोड असतो, तो हेच करतो: वरच्या आणि खालच्या लेयरचे आकडे गुणतो आणि 255 ने भागतो. पांढरा म्हणजे 255, म्हणजे भागल्यावर एक. एकाने गुणलं तर काही बदलत नाही. म्हणूनच कागदावरच्या चित्राचा फोटो सगळ्यात वर ठेवून मल्टिप्लाय केला की पांढरा कागद गायब होतो, काळ्या रेघा तेवढ्या उरतात आणि खाली निवांत रंग भरता येतात. फक्त ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कागद खरा पांढरा नसतो, 200 च्या आसपास मळकट असतो, आणि तो मळ सगळ्या रंगांना गुणला जातो. म्हणून आधी ॲपच्या 'लेव्हल्स' या उजेड-अंधार कमीजास्त करायच्या सोयीत कागद 255 पर्यंत उजळून घ्यायचा.

आता घडीत शिरू. साडीच्या घडीत बाहेरचा उजेड थेट कमी पोचतो. जो पोचतो, त्यातला बराचसा एका बाजूवर आपटून समोरच्या बाजूवर पडतो आणि मग आपल्याकडे येतो. म्हणजे पिवळ्याने गाळलेला उजेड पुन्हा पिवळ्याने गाळला. आकड्यांत पाहा: 220 गुणिले 220, भागिले 255, उत्तर 190. लाल मात्र 255 वरच. आणखी एक टप्पा खाल्ला की हिरवा 164, म्हणजे जवळजवळ नारिंगी! सोन्याच्या वाटीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा तांबूस दिसतो तो याचमुळे. सोनं नको असेल तर पिवळा कार्डशीट पुस्तकासारखा अर्धवट दुमडा आणि खिडकीपाशी त्याच्या खाचेत डोकवा.

मग भाचीला सांगितलं, काळा पूस. नवी लेयर घे, मल्टिप्लाय कर आणि घड्यांत तोच पिवळा फिरव. त्यावर आणखी एक मल्टिप्लाय लेयर, फिक्या राखाडीची, 180 ची. आकडे आले 180, 134, 0. जुन्या पितळेचा रंग. साडी एकदम जड वाटायला लागली.

इथे एखादा जाणकार हात वर करेल: पडद्याचे आकडे म्हणजे खरा उजेड नव्हे! बरोबर. अंधाऱ्या छटांमधला फरक डोळ्याला जास्त कळतो, म्हणून आकड्यांची वाटणी अंधाराकडे झुकवलेली असते. 128 ला पडदा पूर्ण उजेडाच्या सुमारे 22 टक्केच उजेड देतो. अर्धा हवा असेल तर 188 लागतो. पण उजेड साधारणपणे आकड्याच्या 2.2 व्या घाताप्रमाणे बदलतो, आणि दोन संख्यांच्या घातांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या गुणाकाराचा घात. त्यामुळे गुणाकार या वाकड्या मोजपट्टीवरही जवळपास खरा उतरतो. बेरीज उतरत नाही. म्हणून लाल आणि हिरवा एकमेकांत विरघळवले की बहुतेक ॲपमध्ये मधला पट्टा काळपट येतो. हे ऐकताना भाचीने जांभई दिली, तेव्हा तुम्हीही हा परिच्छेद सोडलात तरी चालेल.

बाकी 1880 च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक मला मनापासून आवडते, बडग्यांवरचे, म्हणजे मिरवणुकीतल्या टिंगलीच्या पुतळ्यांवरचे, टोमणे तर विशेष. पण "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडून डेंग्यूचे डास जात नाहीत. त्यासाठी कुलरच्या टाकीतलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकी घासावी लागते. 'एका क्लिकमध्ये चित्र रंगवा' म्हणणाऱ्या जाहिराती मी त्याच खात्यात टाकतो. रंग भरून मिळेल, घडीत डोकावणं राहून जाईल.

दुसऱ्या दिवशी तिने काळी मारबत घेतली. अंगाला ठार काळा भरला, 0, 0, 0, आणि मल्टिप्लायच्या तीन लेयर चढवल्या. काहीच होईना. ॲप बिघडलं म्हणून मोबाइल दोनदा बंद-चालू केला. मी म्हटलं, "शून्याला कशानेही गुण." ती क्षणभर थांबली, मग गुपचूप खालची लेयर उघडून काळा 45 वर आणला.