बुटांचे चामडे, तेल आणि मेण

मृग नक्षत्र लागले की बेळगावच्या बाजारात छत्र्या आणि रेनकोट टांगलेले दिसू लागतात. चामड्याच्या बुटांची निगा मात्र बहुतेक घरांत ते पहिल्यांदा चिंब भिजल्यावरच आठवते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे ज्यांचे नेहमी जाणेयेणे असते, त्यांना तर जून ते सप्टेंबर कोरडी वाट क्वचितच मिळते. तीन वर्षांपूर्वी त्या बाजूने भिजून परत आल्यावर मी माझे बूट रात्रभर न्हाणीघरातल्या बंबाला टेकवून ठेवले. सकाळी ते खडखडीत वाळले होते, पण वरचे चामडे शिळ्या भाकरीसारखे कडक झाले होते आणि चालताना बोटे मुडपतात तेथील घडीत केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. दिवसभर पावसात जे झाले नाही, ते बंबाच्या उष्णतेने एका रात्रीत केले.

असे का होते, हे चामड्याच्या रचनेवरून समजते. चामडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे होय. या प्रथिनाच्या तीन साखळ्या दोराच्या पिळाप्रमाणे एकमेकींत गुंफून एक रेणू बनतो, अशा असंख्य रेणूंचे तंतू आणि तंतूंच्या जुड्या बनतात, आणि या जुड्या कातड्यात सर्व दिशांनी गुंतलेल्या असतात. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर फळीसारखे होते, म्हणून ते कमावावे लागते, म्हणजे प्रक्रिया करून टिकाऊ आणि लवचीक करावे लागते. अथणी आणि निपाणी भागात ज्या कोल्हापुरी चपला बनतात, त्यांचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. (या चपलांना २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत, ही गोष्ट आपल्याकडे अधिक लोकांना ठाऊक असायला हवी.) साल आणि हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य तंतूंना जागोजागी बांधून ठेवते. आजच्या बहुतेक बुटांचे वरचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्यात हेच बंध अधिक पक्के असतात.

ओले कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते, सालीत कमावलेले ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, तर क्रोमचे चांगले चामडे १०० अंशांच्या आसपास टिकते. येथे ‘ओले’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कोरडे चामडे याहून बरीच अधिक उष्णता सोसते, पण पाणी तंतूंमध्ये शिरले की पिळाचे बंध सैल होतात आणि तीच उष्णता त्याला आखडून टाकते. शिवाय पाणी घाईने उडून जाताना पृष्ठताणामुळे तंतू एकमेकांकडे खेचले जातात आणि मध्ये स्निग्ध पदार्थ नसेल तर तसेच चिकटून बसतात. म्हणून भिजलेल्या बुटांत रद्दी कागदाचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट सावलीत, वारा खेळेल अशा जागी एक-दोन दिवस राहू द्यावेत. चूल, बंब आणि कडक ऊन या तिन्हींपासून ते दूर असावेत.

पुष्कळ जण तेल आणि मेण एकाच कामाचे समजतात, आणि माझ्या मते निगा बिघडते ती येथेच. तेलाचे काम आतले आहे: ते तंतूंमध्ये मुरते आणि वाकताना ते एकमेकांवरून सरकावेत याची सोय करते. त्यामुळे चामडे पूर्ण वाळण्याआधी, किंचित दमट असतानाच तेलाचा हलका हात द्यावा. उडून जाणाऱ्या पाण्याची जागा मग तेल घेत जाते. चामडे कमावणारे कारागीर पूर्वीपासून ओलसर चामड्यातच चरबी मुरवत आले आहेत, त्यामागेही हेच कारण आहे. एरंडेल यासाठी चांगले. घरातले करडईचे तेल मात्र वापरू नये, कारण हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू सुकते आणि चिकट होत कडक बनते. कोणतेही तेल अती झाले की चामडे लिबलिबीत होऊन बुटाचा आकार जातो.

मेणाचे काम बाहेरचे आहे. मेणावर पडलेला थेंब पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखा गोल उभा राहतो. अशा पृष्ठभागाची बारीक छिद्रे पाणी आत ओढून घेण्याऐवजी त्याला मागे लोटतात. नुसते मेण मात्र घडीवर तडकते. म्हणून एक भाग मधमाश्यांचे मेण आणि दोन-तीन भाग एरंडेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. हे मिश्रण निवल्यावर कोरड्या बुटावर फडक्याने पातळ चोळावे. रंग गडद होतो, म्हणून आधी टाचेजवळ थोडे लावून पाहावे. मखमली पृष्ठभागाच्या बुटांना ते लावूच नये. थर जाड झाला तर पायाच्या घामाची वाफ बाहेर पडत नाही आणि मोजे आतूनच ओले होतात.

सर्वांत अधिक लक्ष शिवणीकडे द्यावे. आरीने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला मोकळी वाट असते, आणि दोरा वातीसारखे पाणी आत ओढतो. जुन्या दाताच्या ब्रशने वरचे चामडे आणि तळवा जुळतात त्या रेषेत मिश्रण भरावे, तसेच बुटाच्या नाडीखालच्या जिभेच्या दोन्ही कडांनाही लावावे.

आषाढात कपाटातून काढलेल्या बुटावर कधी पांढरट थर दिसतो. त्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा क्षणभर सोडावी: थर वितळून दिसेनासा झाला तर ती चामड्यातून वर आलेली चरबी असते आणि फडक्याने पुसली की पुरते, तसाच राहिला तर ती बुरशी किंवा घामातले मीठ असते. बुरशी केसाळ दिसते आणि तिला कुबट वास येतो. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, बूट दोन दिवस वाऱ्यावर ठेवावेत, आणि त्यानंतरच तेलाची बाटली उघडावी.