दीडशे दुणे तीनशे, पण टँकमध्ये नाही

माशांच्या चार फुटी टँकसाठी हीटर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने काउंटरवर एका बाजूला 300 वॉटचा एक खोका ठेवला आणि दुसऱ्या बाजूला 150 वॉटचे दोन. "कोणतंबी न्या सर, दीडशे दुणे तीनशेच. उगं दोन-दोन वायरी कशाला लोंबवता?" मला पटलं. पाण्यात बुडवायची एकच काचेची नळी, एक प्लग आणि पैसेही कमी. 300चा एक घेऊन घरी आलो.

परभणीत माशांना हीटर कशाला, असं पाहुणे विचारतात. आमचा मे महिना सगळ्यांच्या लक्षात असतो, डिसेंबर कुणाच्या नसतो. थंडीची लाट आली की कृषी विद्यापीठातला किमान तापमानाचा आकडा पाच-सहा अंशांवर येतो. घरात एवढं होत नाही, पण आमच्या पुढच्या खोलीत पहाटे 17-18 अंश असतात आणि एंजल माशांना पाणी 25 ते 27 लागतं. त्याहून वाईट म्हणजे दुपारी चढलेलं पाणी पहाटे उतरतं. या चढउतारात मासे अशक्त होतात आणि अंगावर पांढरे ठिपके येतात. गोल्डफिश असतील तर ही सगळी भानगड नको, ते थंड पाण्यातलेच.

दुकानदाराचं गणित कुठपर्यंत बरोबर आहे ते आधी बघू. 4 × 1.5 × 2 फूट म्हणजे 12 घनफूट, साधारण 340 लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी राहतं 300 लिटरच्या आसपास. एवढं पाणी एक अंशाने तापवायला जेमतेम 0.35 युनिट वीज लागते. 300 वॉटचा एक हीटर ते काम तासा-सव्वातासात करतो, 150चे दोन मिळूनही तेवढ्याच वेळात करतात. बिलही तेवढंच. टँकमधून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढीच भरून काढायची असते, ती एका नळीतून आली काय नि दोन नळ्यांतून आली काय. म्हणजे सगळं सुरळीत चालू असेल तोवर दोन्ही सारखेच. हीटर बिघडला की फरक कळतो.

साध्या डायलवाल्या हीटरमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली एक पट्टी असते. पाणी तापलं की ती वाकते आणि जोड सुटतो, गार झालं की सरळ होते आणि जोड लागतो. हिवाळ्यात हे दिवसातून कितीतरी वेळा होतं, आणि दर वेळी जोडापाशी बारीक ठिणगी पडते. कधीतरी ते टोक जळून चिकटतं. मग डायलवर तुम्ही 26 लावा नाहीतर 20, हीटर बंदच होत नाही.

माझा चिकटला तो फेब्रुवारीत. आम्ही दोन दिवस नांदेडला लग्नात होतो. घरी आलो, चप्पल काढता काढता टँककडे बघितलं, तर मासे वरच्या थरात तोंड उघडून धापा टाकत होते. थर्मामीटर 34. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना तर तो जास्त लागायला लागतो, अशी दोन्हीकडून कोंडी होते. सहापैकी चार एंजल गेले. हीटरचा लाल दिवा तेव्हाही पेटलेलाच होता.

आता त्याच जागी 150चे दोन आहेत असं धरा. त्यातला एक चिकटला. माझ्या टँकमध्ये, झाकण लावलेलं असताना, 150 वॉट पाण्याला खोलीपेक्षा सात-आठ अंश वर नेतात, 300 वॉट जवळपास पंधरा. खोलीत 20 अंश असताना एकटा चिकटलेला दीडशेवाला पाणी 28पर्यंत नेतो, आणि तोवर दुसरा आपणहून बंद झालेला असतो. मासे मरत नाहीत. उलट बाजूने बघा, एक हीटर पार मेला तर पहाटेच्या 18 अंशांच्या खोलीतही उरलेला पाणी 25च्या आसपास धरतो. 300चा एकच असेल आणि तो मेला, तर पाणी हळूहळू खोलीइतकंच गार होतं.

म्हणून मी आता 150चे दोनच लावतो. दोघांना टँकच्या दोन टोकांना ठेवायचं, त्यातला एक तरी फिल्टरच्या धारेजवळ. डायलवरच्या आकड्यावर विश्वास नको. दोन्हींवर 26 लावलं तरी एक-दीड अंशाचा फरक निघतोच. त्याने काही बिघडत नाही, ज्याची पट्टी उशिरा सुटते तो जास्त राबतो एवढंच.

पण दोनचा एक तोटा दुकानात कुणी सांगत नाही. एक मेलेला असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून आठ-आठ दिवस पत्ताच लागत नाही. तुम्हाला वाटतं आपल्याकडे जोडी आहे, असतो मात्र एकच. मी पहाटे पाणी भरायला उठतो तेव्हा दोन्ही दिवे बघून घेतो. कडाक्याच्या थंडीत एकाचा दिवा सलग दोन-तीन दिवस दिसला नाही, तर त्याचा डायल थोडा वर फिरवून पेटतो का बघायचं. आणि दोन्ही प्लग एकाच जुनाट एक्स्टेंशन बोर्डात खोचू नका. बोर्ड जळाला तर जोडी घेतल्याचा काय उपयोग?

पाण्याचं तापमान बघून हीटरची वीज चालू-बंद करणारा वेगळा कंट्रोलर लावला तर एक हीटर चालेल का? चिकटण्यापुरता चालेल, कारण हीटर चिकटला तरी कंट्रोलर बाहेरून वीज तोडतो. मेलेल्या हीटरला मात्र तो जिवंत करू शकत नाही. कंट्रोलर घ्यायचाच तर दोन हीटरच्या जोडीला घ्या. हीटरचे डायल 28वर, कंट्रोलर 26वर.

"मग 100चे दोन घेतो, 200 वॉट पुष्कळ झाले," असं एक मित्र म्हणाला. त्याच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज 180वर येतं. 230 व्होल्टला 300 वॉट देणारा हीटर 180ला 184च देतो, मग 200चं काय होईल ते त्याचं त्यानेच मोजलं. लाइट गेल्यावर हीटर इन्व्हर्टरवर टाकायच्या फंदात पडू नका, बॅटरी काही तासांत बसते. इन्व्हर्टरवर एअर पंप ठेवा आणि टँकभोवती गोधडी गुंडाळा. 300 लिटर पाणी इतक्या लवकर गार होत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर दोन महिन्यांत नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्याखाली काच जास्त तापते आणि तडकू शकते. प्लग काढून, पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच गार होऊ देऊन मगच हीटर बाहेर घ्या आणि लिंबाच्या रसात भिजवून पुसा. पाणी बदलतानाही आधी प्लग काढायचा. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हीटर लावायचाच नाही, एक असो की दोन.

दोन फुटी टँकला मात्र जोडी घेऊ नका. साठ-सत्तर लिटरला 75चा एक पुरतो आणि दुसरा ठेवायला तिथे जागाही नसते.

शिवरात्र झाली की मी दोन्ही प्लग काढतो. मार्चमध्ये दुपारी खोलीच 32 अंशांवर जाते, तेव्हा चिकटला तर 150चाही मासे शिजवेल. जास्त राबलेल्यावर मार्करने खूण करून दोन्ही कपाटात ठेवतो. दिवाळीनंतर लावताना त्यांच्या जागा बदलतो.