मूळ गोष्टीत नसलेला डबा

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की एखाद्या अनोळखी कथेची चार पानं वाचा. रबाळे आलं की पुस्तक मिटा. वाशीला उतरल्यावर एखाद्या बाकावर बसून ती पानं आठवतील तशी वहीत उतरवा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहा. नावं बदललेली असतील, प्रसंग मागेपुढे झालेले असतील आणि एखादी वस्तू अशी आलेली असेल जी लेखकाने कुठेच लिहिलेली नाही. बहुतेक जण तिला विसरभोळेपणा समजून खोडून टाकतात. लिहू पाहणाऱ्या माणसासाठी अख्ख्या पानावर तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नसतं.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली होती. थोड्या वेळाने आणि मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी ती पुन्हा लिहायची होती. कथेतल्या लाकडी होड्या त्यांच्या लेखनात साध्या बोटी झाल्या, सील प्राण्यांची शिकार मासेमारी झाली आणि भुतांचा न उलगडणारा भाग गळून गेला किंवा सयुक्तिक करून सांगितला गेला. कोणी मुद्दाम काही बदललं नव्हतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू बाहेर काढणं नव्हे, ती दर वेळी नव्याने रचावी लागते, असा बार्टलेट यांनी निष्कर्ष काढला. रचताना जिथे माल कमी पडतो तिथे मेंदू आपल्या घरचा माल वापरतो.

माल कमी पडतो तोही फार लवकर. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये लोकांना ध्वनिमुद्रित उतारे ऐकवले आणि मधलं एक वाक्य किंचित बदलून ‘हेच होतं का?’ असं विचारलं. मध्ये जेमतेम अर्धा मिनिट गेला तरी शब्दरचनेतला बदल ओळखू येईनासा झाला. अर्थ बदलला असेल तर मात्र तो लगेच कळत होता. म्हणजे अर्थ टिकतो आणि त्यावरचे शब्द गळतात. गळलेल्या जागी जे येतं ते वाचणाऱ्याचं स्वतःचं असतं.

समजा, उताऱ्यात बर्फात अडकलेलं रेल्वे स्टेशन आहे, कंदिलाच्या उजेडात एक माणूस गाडीची वाट पाहतोय. घणसोलीत राहणारी वाचक वीस मिनिटांनी तो आठवून लिहिते. बर्फाच्या जागी प्लॅटफॉर्मवर साचलेलं पावसाचं पाणी येतं, कंदिलाची फडफडणारी ट्यूबलाइट होते. इथवर सरळ अदलाबदल आहे. पण त्या माणसाच्या मांडीवर स्टीलचा डबा आहे आणि त्याचं झाकण त्याने अंगठ्याने दाबून धरलंय. मूळ उताऱ्यात डबा नव्हताच. तो तिने पाहिलेल्या कुठल्यातरी खऱ्या माणसाचा आहे आणि वाट पाहणं या एका धाग्याने तो इथे ओढला गेला. नुसतं ‘काहीतरी सुचू दे’ म्हणून बसली असती, तर हा डबा तिच्या हाती लागला नसता. सुचणं म्हणतात ते बहुतेक वेळा असं घडतं, आणि वाचनाची गोडीही याच भरावात आहे. गोष्टीचा निम्मा ऐवज वाचणाराच पुरवत असतो.

आता कृती. उतारा न वाचलेला हवा, पाठ झालेला नको. पाठ असलेलं जसंच्या तसं उतरतं आणि हाती काही लागत नाही. अनुवादित कथा सर्वांत चांगल्या, कारण परका तपशील जितका जास्त, तितका आपला माल भरावा लागतो. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तिथे असे कथासंग्रह मागा. वहीच्या पानावर आधी पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ क्रमांक लिहा, ते का हे पुढे येईलच. वाचन आणि लेखन यांत १५ ते २० मिनिटांचं अंतर ठेवा. लगेच लिहायला बसलात तर शेवटची वाक्यं ताजी असतात आणि नक्कल होते. दोन-तीन दिवस लोटले तर नुसता सांगाडा उरतो, वस्तू उरत नाहीत. या मधल्या वेळात मोबाइल नको. त्यावरचा मजकूर रिकाम्या जागा आधीच भरून टाकतो आणि तो मजकूर तुमचा नसतो. मग १० मिनिटं न थांबता लिहा, पुस्तक मिटलेलंच ठेवा. ताडून पाहताना फरकांखाली लाल रेघ ओढा, त्यातला एकच निवडा आणि त्यावर २०० शब्द लिहा. तीन-चार फरक एकत्र घेतले की कशाचंच काही होत नाही, सुरुवात करणाऱ्यांचं हमखास इथेच बिनसतं.

निवडलेला फरक पुढे सरकत नसेल तर ठाण्यातल्या तलावपाळीला फेरी मारा. मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. चालून आल्यावर बसलं तरी तो परिणाम काही वेळ टिकत होता. पण ज्या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर असतं, त्यांत चालण्याचा फायदा दिसला नाही. त्यामुळे वाक्याची दुरुस्ती आणि नेमक्या शब्दाचा शोध हे काम बसूनच करावं. चालताना ‘डब्यात काय आहे?’ या प्रश्नाची निदान दहा उत्तरं काढा. पोळीभाजी हे पहिलं उत्तर सगळ्यांनाच येतं. वेगळी उत्तरं यादीच्या शेवटाकडे येतात, हे १९५७ पासून प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ क्रमांक वहीत लागतो तो एका खऱ्या धोक्यासाठी. शब्द गळतात तसा उगमही गळतो आणि दुसऱ्याची गोष्ट आपल्याला आपलीच वाटू लागते. हेलन केलर यांनी ११ व्या वर्षी लिहिलेली गोष्ट १८९२ मध्ये छापून आली आणि ती एका आधीच प्रसिद्ध झालेल्या गोष्टीशी फार जुळणारी निघाली. ती गोष्ट कधीतरी आपल्याला वाचून दाखवली होती, हे त्यांना आठवतच नव्हतं. त्या लहान मुलीला याची चौकशी सोसावी लागली. म्हणून मजकूर पूर्ण झाला की पुन्हा ते पान उघडा. स्टेशन, रात्र, थांबलेला माणूस हे सगळं मूळ लेखकाचं आहे. ते काढून टाकल्यावर डबा आणि झाकणावरचा अंगठा उरतो. आता त्या माणसाला स्टेशनावरून उठवा आणि तो डबा घेऊन दुसरीकडे कुठेतरी बसवा.