बिलातली ‘रात्र पार्किंग’ची ओळ कशाची?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, निगडी ट्रान्सपोर्टनगरच्या ऑफिसातून)

या महिन्यापासून आमच्या बिलात भाडं, टोल आणि हमालीच्या खाली एक नवीन ओळ दिसेल: रात्र पार्किंग. रक्कम दोन-अडीचशेच्या पुढे जात नाही, तरी ती बघून बरेच फोन आले. एका जुन्या ग्राहकांनी तर सरळच विचारलं, “अहो, ड्रायव्हर गाडीत झोपतो, गाडी रस्त्याकडेला उभी. मग पैसे कसले लावता?” विचारणं रास्त आहे. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून देतो.

आमचा नियम असा. रात्रीच्या पार्किंगचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जाणार नाहीत. वाटेतल्या मुक्कामाचे आम्ही भरू. तुमच्या गेटमुळे गाडी थांबली तर ते तुमच्या बिलात येतील.

आधी आमची चूक सांगतो

आमच्याकडे आठ गाड्या आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही ड्रायव्हरला ट्रिपमागे ठोक खर्ची द्यायचो. जेवण, चहा, पंक्चर, पार्किंग सगळं त्यातच, आणि उरेल ते त्याचं. हिशेबाला सोपं, कागद कमी, भांडण नाही. बहुतेक लहान ट्रान्सपोर्टवाले आजही असंच करतात.

त्यात मेख अशी की पंक्चर टाळता येत नाही, जेवण टाळता येत नाही. टाळता येतं ते एकच, पार्किंग. शंभर रुपये वाचले तर ते घरी जाणार असतील, तर कुठला ड्रायव्हर ते पार्किंगवाल्याच्या हातात ठेवेल? आम्हीही ठेवले नसते.

मग एकदा कोल्हापूरकडून येणारी आमची दहाचाकी खेड शिवापूरच्या अलीकडे सर्व्हिस रोडला रात्रभर उभी राहिली. पहाटे पाचला ड्रायव्हरचा फोन आला. जाऊन बघितलं तर डिझेल टाकीच्या झाकणाचं कुलूप कापलेलं, टाकीखाली मातीत ओला डाग, आणि बाजूला हातभर प्लास्टिकची नळी तशीच टाकून दिलेली. दीडशे लिटरच्या वर डिझेल गेलं. नव्वद रुपयांच्या हिशेबाने साडेतेरा हजार झाले, आणि तेही शंभर रुपयांचं पार्किंग वाचवण्यापायी. ड्रायव्हर वयाने आमच्यापेक्षा मोठे. खाली मान घालून म्हणाले, “शेठ, पगारातून कापून घ्या.” खरं सांगायचं तर पहिल्यांदा आमच्याही मनात तेच आलं होतं. संध्याकाळी शांतपणे हिशेब मांडला तेव्हा कळलं की रस्त्याकडेला गाडी लावायला आम्हीच त्यांना भाग पाडत होतो. कापून घेतले नाहीत.

तेव्हापासून पार्किंग खर्चीतून काढलं. पावती आणा, पैसे घ्या. पावती देत नसतील तर फोनवरून पैसे भरा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा. (कोऱ्या पावतीपुस्तकांचा धंदा आम्हालाही ठाऊक आहे. रोज शंभराची पावती आली की आम्ही जागेवर फोन करून विचारतो.)

‘रस्त्यावर फुकट उभी राहते की!’

राहते, पण फुकट नाही. डिझेल झालं, तशी बॅटरी जाते, स्टेपनी जाते, ताडपत्री ब्लेडने फाडून पेट्या काढल्या जातात. त्या पेट्या तुमच्या असतात. विमा असला तरी पंचनामा, सर्व्हेअर आणि महिनोन्‌महिने चालणारा पत्रव्यवहार कोणाला हवाय?

दुसरा भाग कायद्याचा. धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ मनाई करतं. अशी गाडी उचलून नेण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे, आणि उचलण्याचा खर्च मालकावर. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली रस्ता अडवल्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो गुन्हा लागतो गाडी ज्याच्या ताब्यात त्याच्यावर, म्हणजे ड्रायव्हरवर. गाडी आमची, माल तुमचा, गेट बंद तुमचं, आणि गुन्हा मात्र त्याच्या नावावर! काळोखात उभ्या ट्रकवर मागून आदळणाऱ्या दुचाकींच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. टेललाइटवर धूळ बसलेली असते आणि मागची लाल पट्टी कधीच निघून गेलेली असते.

‘ड्रायव्हर गाडीतच झोपतो ना?’

मे महिन्यात चाकणला रात्री अकरा वाजता आमच्या केबिनच्या पत्र्याला हात लावून बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, चांगलंच झालं, पण आमच्या गाड्या त्याआधीच्या. उकाड्यात ड्रायव्हर आणि क्लीनर मालावर ताडपत्री टाकून झोपतात, नाहीतर गाडीखाली. रस्त्याकडेला गाडीखाली झोपणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. विश्रांती घ्यायची कुठे, हा प्रश्न आपण ड्रायव्हरवरच सोडून दिला. पार्किंगचे शंभर-दीडशे रुपये म्हणजे नुसती जागा नसते. दिवा, राखणदार, संडास आणि आंघोळीचा हौद हे त्यात येतं. आंघोळ करून, झोप पुरी करून सकाळी तुमच्या गेटवर आलेला ड्रायव्हर आणि रात्रभर टाकीवर कान ठेवून बसलेला ड्रायव्हर यांच्यातला फरक तुमच्या सिक्युरिटीलासुद्धा कळतो.

दुसऱ्या सोयी नाहीत असं नाही. सरकारी तेल कंपन्यांनी महामार्गांवरच्या काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी दहा ते तीस खाटांच्या खोल्या काढल्यात, स्वयंपाकाला जागाही असते. वाटेत सापडलं तर आमचे ड्रायव्हर तिथेच थांबतात. ढाब्यावर जेवलं की गाडी लावू देतात, पण आमच्यातले निम्मे जण स्टोव्हवर स्वतः रांधतात, तेव्हा ढाबेवाल्याचा चेहरा बदलतो. पंपवाल्याचंही तसंच, डिझेल भरलं तर थांबा. जागेचे पैसे कुठल्या ना कुठल्या वाटेने वसूल होतातच. पावतीवर आले तर निदान दिसतात तरी.

हा वाद आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत ड्रायव्हरला अकरा तास गाडी चालवली की सलग दहा तास सुट्टी घ्यावीच लागते, आणि डिसेंबर २०१७ पासून गाडीतलं यंत्र ते मोजतं, त्यामुळे ‘अजून तासभर रेटतो’ म्हणता येत नाही. हायवेवरच्या सरकारी फुकट जागा संध्याकाळीच भरतात. खासगी ट्रक स्टॉपवाले काही जागा पैसे घेऊन राखून ठेवतात, आणि यावरूनच तिथे तंटा आहे. तिथल्या बऱ्याच ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात. गाडी उभी, म्हणजे कमाई शून्य, वर उभं राहण्याचे पैसेही त्यानेच द्यायचे. तिथे २०१२ साली ट्रक पार्किंगसाठी ‘जेसन्स लॉ’ झाला. जेसन नावाचा तो ड्रायव्हर २००९ मध्ये माल उतरवायच्या ठिकाणाजवळ वेळेआधी पोचला. गेट उघडलं नव्हतं, म्हणून एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबला, आणि तिथे त्याला लुटून मारलं. युरोपात २०२० च्या नियमानुसार ड्रायव्हरची पंचेचाळीस तासांची साप्ताहिक सुट्टी केबिनमध्ये काढता येत नाही, आणि बाहेरच्या मुक्कामाचा खर्च मालकाने द्यायचा असं लिहूनच ठेवलंय. आम्हाला हे पटतं. वाटेतला मुक्काम आमचा, हे आम्ही त्यावरूनच म्हणतो.

मग तुमच्या बिलात कधी येतं?

गुरुवारचंच उदाहरण घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. भिवंडीच्या गोडाउनवाल्याला नसतं. तो बुधवारी सकाळी गाडी भरून देतो. तळेगाव-चाकण रस्त्याच्या कोंडीतून ती रात्री नऊला गेटवर येते. सिक्युरिटी म्हणतो, शुक्रवारी साडेनऊला या. आत घेत नाही, गेटसमोर उभी करू देत नाही. दोन रात्री गेल्या.

यात बुधवारची रात्र आमची, कारण गाडी उशिरा आली. गुरुवारची तुमची. नियम एवढाच की संध्याकाळी पाचला गाडी तुमच्या दारात हजर असेल आणि त्या दिवशी उतरली नाही, तर त्या रात्रीचं पार्किंग तुमच्याकडे. पाचनंतर आली तर पहिली रात्र आमच्याकडे. गाडी कधी पोचली ते आमचा ड्रायव्हर बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, लिहून तुमच्या सिक्युरिटीची सही घेईल. कृपया सिक्युरिटीला तेवढं सांगून ठेवा, सही करायला लोक उगाच घाबरतात.

लावू ती रक्कम पावतीइतकीच, आणि एका रात्रीला २५० रुपयांच्या वर कधीच नाही. त्यावर आमचा एक रुपयाही चढवलेला नसेल. पावती बिलाला जोडलेली असेल. हॉल्टिंग हा वेगळा विषय, ते पैसे गाडीचा दिवस बुडतो त्याचे. ते ४८ तासांनंतर लागतं, हा आमचा जुना नियम तसाच आहे, आणि हॉल्टिंग सुरू झालं की पार्किंगची ओळ बंद होते. दोन्ही एकदम लावणार नाही.

याच गुरुवारच्या गाडीचं ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, तेही बघा. जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. भिवंडी ते चाकण त्याच्या आत बसतं, म्हणजे मुदत एकच दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत धरतात, म्हणून बुधवारी सकाळी काढलेलं बिल गुरुवारी रात्री बाराला संपतं. मुदत वाढवता येते ती संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच, म्हणजे गुरुवारी दुपारी चार ते शुक्रवारी सकाळी आठ. गेट उघडतं साडेनऊला! तोवर बिल मेलेलं असतं, आणि तपासणीत सापडलं तर माल अडकतो. म्हणून गुरुवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसातलं कोणीतरी ते वाढवून ठेवतं, त्याचे पैसे घेत नाही. वाढवताना गाडी सध्या कुठे आहे ते पिनकोडसकट भरावं लागतं. ‘सर्व्हिस रोडला, चहाच्या टपरीपुढे’ असं तिथे लिहून भागत नाही.

ही ओळ बिलात नको असेल तर

दोन गोष्टी करता येतील. सुट्टी आणि स्टॉकटेकिंगचे दिवस आम्हाला आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर कळवा. आम्ही भिवंडीवाल्याला सांगून गाडी एक दिवस उशिरा भरू. नाहीतर गाडी रात्री गेटच्या आत घ्या. भोसरीतले आमचे एक ग्राहक गेल्या वर्षीपासून तसं करतात. वजनकाट्याशेजारी दोन गाड्यांची जागा, एक नळ, आणि कामगारांचा संडास रात्री उघडा. सुरुवातीला त्यांच्या सिक्युरिटीची कुरकुर होती. आता तिथे माल घेऊन जायचा असला की आमच्या ड्रायव्हरांत आधी कोण जाणार यावर वाद होतो, आणि त्या ग्राहकांच्या बिलात ही ओळ आलेली नाही.

शंका असेल तर ऑफिसात या, सकाळी दहा ते रात्री आठ. गुरुवारीही चालू असतं.