भूचुंबकीय वादळ

सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा (विद्युतभारित कणांच्या वायूचा) ढग येऊन आदळला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जी उलथापालथ होते तिला भूचुंबकीय वादळ म्हणतात. ढगाचं नाव सीएमई, म्हणजे कोरोनल मास इजेक्शन. सौरज्वाला (सूर्यावरचा प्रकाशाचा अचानक भडका) आणि सीएमई एकच असं बरेच जण धरून चालतात, पण ज्वालेचा प्रकाश ८ मिनिटांत पोचतो आणि ढगाला साधारण एक ते तीन दिवस लागतात.

ढग आला की आधी आपलं क्षेत्र सूर्याच्या बाजूने दाबलं जातं, एरवी ६० ते ६५ हजार किमीवर असणारी त्याची हद्द आत सरकते आणि मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचं रीडिंग एकदम वर जातं. पुढचं सगळं ढगातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर. ती उत्तरेकडे असेल तर बहुतेक वेळा थोडक्यात निभावतं, दक्षिणेकडे असेल तर ढगाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि ऊर्जा आत घुसते. मग पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा रिंग करंट वाढतो, त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असतं, म्हणून विषुववृत्ताच्या आसपास रीडिंग घसरतं आणि सावरायला काही दिवस जातात.

ही घसरण सगळ्यात भारी नोंदली गेली ती मुंबईत, कुलाबा वेधशाळेत. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर झगझगीत ज्वाला पाहिली, साडेसतरा तासांनी ढग इथे पोचला. युरोपात फोटोच्या कागदावर नोंद करणाऱ्या यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या, कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी रीडिंग घेत होती, आणि २ सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरण लिहून ठेवली! इथलं आडवं क्षेत्रच (पृथ्वीच्या क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग) साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला, म्हणजे चारेक टक्के गेलं. त्या मोठ्या वादळाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही ही वही उघडतात, आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

क्षेत्र भराभर बदललं की जमिनीत आणि लांब तारांमध्ये करंट तयार होतो. मार्च १९८९ मध्ये त्यानेच कॅनडातल्या क्वेबेकची ग्रिड बसली, लाखो लोक ९ तास अंधारात. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेचं आकाश अशा वादळात दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाने लाल झालं होतं.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने कुलाब्याची रीडिंग बिघडणार हे उघड होतं, म्हणून कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, जुनी-नवी नोंद जुळावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. अलिबागची नोंद अजून चालू आहे.