कलपाआधीचे पांढरे केस

‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत.’ वडीलधाऱ्यांच्या तोंडचं हे वाक्य पिकलेल्या डोक्याचा अधिकार सांगतं. पण कोकणातल्या बाईच्या वाट्याला तो अधिकार सहज आला नाही. ब्राह्मण घरांतल्या विधवेचं केशवपन होई, आणि पुढे आयुष्यभर आलवणाखाली, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्याखाली, तुळतुळीत डोकं. पिकलेला अंबाडा दिसे तो सवाष्णीचा, किंवा जिथे ही चाल सर्रास नव्हती अशा कष्टकरी घरांतल्या आजीचा. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं मुंडन करायला नकार दिला. दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. आज पांढरे केस मोकळे सोडणाऱ्या बाईची पार्श्वभूमी इथून सुरू होते, कारण आधी प्रश्न रंगाचा नव्हता, केस ठेवू देण्याचा होता.

केस पिकण्याची काळजी मात्र फार जुनी. चरकसंहिता अति मिठाला दोष देते, सुश्रुतसंहिता क्रोध, शोक आणि श्रमाने डोक्यात चढलेल्या उष्णतेला. खारं-सुकं खाणाऱ्या किनाऱ्याने मिठाच्या नावाने घाबरायचं कारण नाही. केस कधी पिकणार हे मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतं. पंचविशीच्या आत पिकू लागले तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

घरगुती उपाय माक्याच्या तेलाचा. चार वाट्या खोबरेल, एक वाटी माक्याचा रस, मूठभर जास्वंदीची पानं, आणि मंद आच. तडतड थांबली आणि तळाचा गाळ कुरकुरीत झाला की उतरवायचं. पाणी राहिलं तर तेल खवट होतं, जास्त कढलं तर जळका वास येतो. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि केस कमी तुटतात, हे खरं. पण या तेलाने पांढरा केस काळा होत नाही. टाळूबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नसतात, आणि मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी थकल्या की तेल त्यांना परत उभं करत नाही.

मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी चढते, म्हणून काळ्या रंगासाठी वरून निळीच्या पानांची पूड लावत. खरा पालट कृत्रिम कलपाने झाला. पॅरिसमध्ये ऑजेन श्युलेर यांनी १९०७ मध्ये तो विकायला सुरुवात केली. अमोनिया केसाचे खवले उघडतो, पेरॉक्साइडमुळे बारीक रंगकण आतच जुळून मोठे होतात आणि अडकतात. त्यातल्या पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन) या रसायनाने काहींना खाज, सूज येते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून ४८ तास पाहायचं. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बऱ्याचदा हेच पीपीडी असतं. हर्बल नावावर विसंबू नये.

कलप सोडणं अवघड वाटतं ते हिशेबामुळे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटरची वेणी पूर्ण पांढरी व्हायला दोन ते अडीच वर्षं जातात आणि मधला काळा-पांढरा पट्टा सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीत पार्लरं बंद झाली आणि पुष्कळ घरांत हा पट्टा आपोआप दिसू लागला. मुद्दाम सोडायचा असेल तर दर सहा-आठ आठवड्यांनी दोन-तीन सेंटिमीटर टोकं कापावीत, म्हणजे पट्टा खाली सरकत लवकर संपतो. जुना कलप ब्लीचने उतरवायच्या फंदात पडू नये. धातुमिश्रित मेंदी आधी लागलेली असेल तर पेरॉक्साइडने केस तापून तुटतात.

पांढऱ्या केसाची किनाऱ्यावरची अडचण वेगळी: तो पिवळा पडतो. कडक ऊन, लोहाचं विहिरीचं पाणी, चुलीचा धूर, पिवळसर कढवलेलं तेल, सगळ्यांची छटा त्याच्यावर बसते. तेल न्हाण्याआधी तासभरच लावावं, तेही न कढवलेलं, आणि धुऊन टाकावं. आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू दोन-तीन मिनिटं ठेवला की पिवळी झाक मावळते. जास्त वेळ राहिला तर केस जांभळट दिसतात.