सायकलच्या हँडलमधील फेरबदल

सायकल चालवताना हातांना आराम मिळावा आणि पकड बदलायला एकापेक्षा जास्त जागा असाव्यात, यासाठी हँडलची उंची, कोन, आकार किंवा त्यावरचे आवरण यांत केलेले बदल. ग्रिप सैल करून थोडी फिरवणे हे दहा मिनिटांचे कामही यात येते आणि हँडल, ब्रेक लिव्हर, केबल असे सगळे बदलण्याचे दिवसभराचे कामही. रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्याला याची गरज सहसा भासत नाही. पन्नास-साठ किलोमीटरनंतर मात्र पायांच्या आधी हातच तक्रार करू लागतात.

तक्रारीचे मूळ मनगटापाशी असते. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला दोन लहान हाडांमधून एक अरुंद वाट जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती ग्युयाँची नलिका म्हणून ओळखली जाते. तिच्यातून जाणाऱ्या अल्नर तंत्रिकेवर, म्हणजे बोलीतल्या ‘नसे’वर, हँडलचा दाब तासन्‌तास पडला की करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात. दुर्लक्ष केले तर बोटांतली ताकद कमी होते, चिमटीत किल्ली नीट धरता येत नाही. सायकलमुळे होणाऱ्या या विकाराची नोंद फ्रेंच डॉक्टर देस्तो यांनी १८९६ मध्येच केली होती. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर दाब मनगटाच्या मधून जाणाऱ्या मीडियन तंत्रिकेवर असतो. मनगट मागे मोडून धरण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. कोणती बोटे बधिर होतात हे आधी पाहावे, कारण त्यावरून बदल कुठे करायचा ते ठरते.

हँडलला पाना लावण्याआधी सीट तपासावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे आग्रहाचे मत आहे. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर अंग सतत पुढे घसरते आणि ते रोखण्याचे काम तळहातांना करावे लागते. अशा सायकलवर कितीही महागड्या ग्रिप बसवल्या तरी फरक पडत नाही. सीट आधी सपाट करावी. मगच हँडल वर घेण्याचा विचार करावा. हँडल सायकलला धरून ठेवणारा भाग म्हणजे स्टेम. जुन्या पद्धतीचा स्टेम नळीत खुपसलेला असतो, तो सैल करून वर ओढता येतो. मात्र त्यावर कोरलेली किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये, नाहीतर तो चालू सायकलवर उखडू शकतो. नव्या पद्धतीत स्टेमखालच्या चकत्या कमी-जास्त करतात किंवा स्टेम उलटा लावून कोन वर घेतात. एक सेंटिमीटरही हातांना चांगला जाणवतो.

हाताला मुळात कोणती ठेवण सोयीची आहे, हे घरीच पाहता येते. हात सैल सोडून उभे राहावे, दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरावी आणि कोपरे वाकवून मुठी पुढे आणाव्यात. पेन्सिली आडव्या एका रेषेत येत नाहीत. त्या जवळजवळ उभ्या, किंचित आत कललेल्या राहतात आणि तळहात एकमेकांकडे वळतात, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसे. सरळ दांड्याचे हँडल हीच ठेवण मोडते: तळहात जमिनीकडे वळवावे लागतात आणि पकडायला जागाही एकच मिळते.

म्हणून सरळ दांड्याच्या हायब्रीड आणि डोंगरी सायकलींवर सर्वांत जास्त फेरबदल होतात. सोपा उपाय म्हणजे पंखासारख्या रुंद ग्रिप. त्या तळहाताखाली पसरतात, त्यामुळे भार एका बिंदूवर न येता वाटला जातो. त्या बसवताना कोन जपून ठरवावा लागतो: पंख जास्त वर राहिला तर तोच मनगट मागे मोडतो. दुसरा उपाय ‘बार एंड’चा, म्हणजे दांड्याच्या टोकांना बसणाऱ्या शिंगांसारख्या दोन आखूड नळ्यांचा. त्यांसाठी ब्रेक, शिफ्टर (गिअर बदलण्याची कळ) आणि ग्रिप दीडेक सेंटिमीटर आत सरकवावे लागतात. ग्रिप अडून बसली तर तिच्याखाली हलकेच एक आरा सरकवून साबणाचे पाणी सोडावे, मग ती फिरत फिरत निघते. १९९०च्या दशकात ही शिंगे डोंगरी सायकलींवर सर्रास दिसत. पुढे हँडल रुंद झाली तशी ती मागे पडली, पण लांबच्या रस्त्यावर त्यांची उपयुक्तता तसूभरही कमी झालेली नाही. काही जण ती टोकांना न लावता ब्रेकच्या आतल्या बाजूला लावतात. तिथे हात अरुंद आणि हस्तांदोलनाच्या ठेवणीत येतात, वारा कमी लागतो. पण बोटे ब्रेकपासून दूर जातात, त्यामुळे गर्दीत ही पकड घेऊ नये.

शर्यतीच्या सायकलींच्या वाकड्या ‘ड्रॉप’ हँडलवर तीन जागा मुळातच मिळतात: वरचा आडवा भाग, लिव्हरची बोंडे आणि खालचे वळण. तिथे बदल बारीक असतात. हँडल दोन-चार अंशांनी वर फिरवणे, लिव्हर वर सरकवणे, टेपचे दोन थर देणे किंवा टेपखाली जेलच्या पट्ट्या ठेवणे. टेप नसेल तर जुनी ट्यूब लांबट कापून गुंडाळली तरी काम भागते.

कोपर टेकवायच्या ‘एअरो बार’ची ख्याती वेगासाठी आहे. १९८९च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी, वर्सायपासून पॅरिसपर्यंतच्या २४.५ किलोमीटरच्या वेळेच्या शर्यतीत, ग्रेग लेमाँड यांनी असे बार वापरून लोराँ फिन्यों यांची ५० सेकंदांची आघाडी मोडली आणि स्पर्धा अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. दूरच्या सायकलस्वाराला मात्र त्यांचे मोल वेगळे वाटते: भार कोपराजवळच्या हातावर जातो आणि तळहात पूर्ण मोकळे होतात. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांतून २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, होतात. ६००ला ४० तासांची मुदत असते, त्यात रात्र जातेच. अशा वेळी दहा मिनिटे तळहात मोकळे मिळाले तरी हातांत जीव येतो.

हँडलच बदलायचे असेल तर आधी मापे पाहावीत. सरळ हँडलच्या पकडीचा व्यास २२.२ मिलिमीटर, ड्रॉपचा २३.८. त्यामुळे एकाचे लिव्हर दुसऱ्यावर बसत नाहीत. युरोपात प्रवासी सायकलींना लावतात ते फुलपाखराच्या पंखांसारखे वळलेले हँडल इथे सोयीचे पडते, कारण ते सहसा २२.२चेच असते आणि जुने ब्रेक-शिफ्टर त्यावर तसेच चढतात. स्टेममध्ये बसणाऱ्या मधल्या भागाचा व्यास २५.४ की ३१.८, हेही मोजून घ्यावे.

मागे वळलेले ‘नॉर्थ रोड’ हँडल आपल्याकडच्या काळ्या घोडीवर, म्हणजे जुन्या घडणीच्या काळ्या सायकलवर, पिढ्यान्‌पिढ्या होते आणि त्यावर मनगटे खरोखर सुखात असतात. तिच्यावर फेरबदल मात्र अवघड, कारण ब्रेक केबलचे नसून सळीचे असतात आणि त्यांचे लिव्हर हँडललाच जोडलेले असतात. हँडल काढायचे म्हणजे पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक नव्याने लावायचे.

उंच किंवा मागे वळलेल्या हँडलला जुन्या केबल अनेकदा पुरत नाहीत. काम झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहावे. केबल ताणून ब्रेक आपोआप लागत असेल तर ती लांब घ्यावी. स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर, बोल्ट आवळावेत. कार्बनच्या हँडलवर बार एंड किंवा एअरो बार उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच लावावेत. नळीची उघडी टोके बुचांनी बंद करावीत, कारण पडल्यावर तीच पोटात घुसतात. इतके करूनही सायकलवरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी करंगळी बधिरच राहिली, तर काही आठवडे सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.